सव्वा महिना आणि तीस दिवस

मैत्रिणींनो, ताईंनो, आणि हातातलं निवडणं-टिपणं घेऊन रेडिओजवळ बसलेल्या सासूबाईंनो, आज्यांनो. तुमचं नाव मुद्दाम घेतलं, कारण आजचं बोलणं तुमच्यासाठी जास्त आहे. बाळंतिणीनं ऐकलं आणि घरातल्या मोठ्या बाईनं ऐकलं नाही, तर त्या घरात काही हलत नाही. गटांच्या बैठकांना गावोगाव फिरताना आम्ही सहयोगिनी हे रोज बघतो.

आज आपण दिवस भरायच्या आत जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांबद्दल बोलणार आहोत. जन्मतःच ओठ, पाय, पाठ असं काही अधूपण घेऊन आलेल्या बाळांबद्दलही बोलणार आहोत. विषय जड आहे. पण प्रत्येक गावात अशी दोन-चार घरं असतात, आणि बहुतेक घरांत या गोष्टीबद्दल कुजबूज होते, बोलणं होत नाही.

आपण नऊ महिने नऊ दिवस मोजतो, दवाखान्यात आठवडे मोजतात. पूर्ण दिवस म्हणजे साधारण ४० आठवडे. ३७ आठवडे भरायच्या आत जन्मलं तर ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. वजनाचा हिशोब वेगळा. अडीच किलोच्या आत असेल तर कमी वजनाचं. काही बाळांचे दिवस भरलेले असतात पण वजन भरलेलं नसतं, कारण पोटात असतानाच पोषण कमी पडलेलं असतं. काळजी दोघांनाही लागते.

इथंच एक जुनी म्हण मोडून काढावी लागेल. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे खरं नाही. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं. या म्हणीपायी आठव्यात जन्मलेल्या बाळाकडे घरचे आशा सोडूनच बघतात आणि दवाखान्याची धावपळ करत नाहीत. मग ते बाळ खरंच जात असेल, तर म्हण खरी ठरली असं म्हणायचं का?

लवकर जन्मलेल्या बाळाचं नेमकं काय अपुरं असतं? कातडीखालची चरबी धरलेली नसते, म्हणून ते चटकन गार पडतं. फुप्फुसं पूर्ण उघडायला तयार नसतात, म्हणून दम लागतो. दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका लयीत जमायला साधारण ३४ आठवडे लागतात. त्याआधीचं बाळ अंगावर घेतलं तरी ओढत नाही. तेव्हा आई म्हणते, ‘मला दूधच नाही.’ दूध असतं, बाळाला ओढता येत नसतं. अशा वेळी दूध हातानं पिळून स्वच्छ वाटीत काढायचं आणि चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजायचं. बोंडलं हे आपल्याच आज्यांच्या वापरातलं भांडं. आता दवाखान्यातल्या नर्सबाईही तशाच चोचीच्या भांड्यानं पाजायला शिकवतात. फक्त प्रत्येक वेळी ते उकळलेलं हवं. खूप लवकर जन्मलेल्या बाळाला चमच्यानंही देता येत नाही, त्याला नळीनं देतात, ते दवाखान्यातलं काम. पहिला पिवळसर चीक टाकू नका. एवढ्याशा जिवाला जंतूंपासून वाचवणारं तेच असतं. मध, गुटी, साखरेचं पाणी यातलं काहीही नको.

आता ऊब. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय असं आपण ऐकतो आणि वाटतं, पेटी असली की बाळ वाचतं. पेटी लागतेच, जिथं श्वासाचा त्रास आहे तिथं तर मशिनंही लागतात. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, एका दवाखान्यात पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी गत झाली होती. तिथल्या डॉक्टर एडगर रे यांनी आयांच्या उघड्या छातीशी बाळं बांधायला सुरुवात केली. कांगारू आपल्या पिशवीत पिल्लू ठेवतं, त्यावरून याला कांगारू पद्धत म्हणतात. गरिबीतून निघालेला हा उपाय आज श्रीमंत देशांतल्या दवाखान्यांतही चालतो. २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांत तो झाला, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या बाळांना प्रकृती स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू साधारण पाव हिश्शानं कमी झाले. आईच्या अंगाची ऊब ही समजूत घालायची गोष्ट नाही, ते औषध आहे.

करायचं कसं? आईनं पुढून उघडणारा सैल ब्लाउज किंवा गाऊन घालायचा. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. त्याला उभं धरून दोन्ही स्तनांच्या मध्ये छातीला छाती लावून ठेवायचं, बेडकासारखे पाय थोडे फाकवून. मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे श्वासाला अडचण होणार नाही. मग मऊ लुगड्याच्या पट्ट्यानं किंवा ओढणीनं बाळाला आपल्याशी बांधायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. एका वेळी निदान तासभर, आणि दिवसभरात जमेल तेवढा जास्त वेळ. आई थकली तर सासूबाई घेऊ शकतात, मावशी घेऊ शकते, बाळाचे वडीलही घेऊ शकतात. एका घरी आम्ही गेलो तेव्हा दारातून एक तरुण घाईनं आत पळाला. मागाहून कळलं, छातीशी बाळ बांधून ओट्यावर बसला होता आणि बायकांना बघून लाजला. आम्हाला तर वाटलं, याला असाच गावातून फिरवावा.

बाळ गार पडलंय का हे कळायला थर्मामीटर नसला तरी चालतं. आपल्या हाताच्या मागच्या बाजूनं आधी बाळाचं पोट बघा, मग तळपाय. दोन्ही उबदार तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार, तर बाळ गारठायला लागलंय, ताबडतोब छातीशी घ्या. पोट आणि पाय दोन्ही गार, तर छातीशी बांधूनच दवाखाना गाठा.

या बाळाला रोजची अंघोळ नको, हे सांगितलं की आज्या नाराज होतात. चोळून मोळून गरम पाण्यानं न्हाऊ घातलं की बाळ गाढ झोपतं, हा त्यांचा अनुभव आहे. पण दीड-दोन किलोचं बाळ अंघोळीनंतर झोपलंय की गारठून मलूल पडलंय, हे बघून लवकर कळत नाही. वजन दोन किलोच्या पुढं जाईपर्यंत आणि नाळ गळून पडेपर्यंत कोमट ओल्या फडक्यानं पुसून घ्या, तेही झटपट. धुरी तर नकोच नको. ज्याची फुप्फुसं आधीच नाजूक, त्याच्या खोलीत शेगडीवर ओवा-वेखंड टाकून धूर करायचा, हे कुठल्या हिशोबात बसतं? नाळेला हळद, राख, तेल काही लावू नका, कोरडी ठेवा. काही भागांत पोट फुगलं म्हणून लहानग्याच्या पोटावर चटके देतात. ते करणाऱ्याचा हात धरायचं काम शेजारणींचं आहे.

घरातल्या घरात एवढ्या बारक्या गोष्टींनी खरंच बाळं वाचतात का, असं कुणी विचारलं तर गडचिरोलीचं उदाहरण सांगा. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून तिथल्या ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणत. त्या बाळंतपणाला हजर राहायच्या, घरी जाऊन वजन घ्यायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. त्या गावांत आधी हजार जन्मांमागे ६० च्या वर बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. तीन वर्षांत हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली हे काम इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई तुमच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, त्या योजनेचं मूळ या कामात आहे. घरीच बाळंतपण झालं असेल तर तिनं पहिल्या दिवशीही यायचं असतं. ती आली की ‘सगळं बरंय’ म्हणून दारातूनच परत पाठवू नका. काटा काढायला लावा, वजन तुमच्यासमोर लिहायला लावा.

आता त्या गोष्टीकडे येऊ, जिच्यामुळे आजच्या भाषणाचं नाव ठरलं.

आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. या रीतीला आम्ही सरसकट नावं ठेवणार नाही. बाईला विसावा मिळतो, बाळाभोवती गर्दी होत नाही, चार घरचे खोकले त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची एक तपासणी अशी आहे, जी सव्वा महिना संपायची वाट बघत नाही. ती डोळ्यांची.

बाळाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पोटातल्या शेवटच्या महिन्यांत वाढत असतात. बाळ लवकर आलं की ही वाढ अर्धी राहते. मग त्यातच ऑक्सिजन द्यावा लागला, जंतुसंसर्ग झाला, की काहींच्या डोळ्यांत या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सुटा करतात. पडदा सुटला की दृष्टी गेली, ती बहुधा परत येत नाही. याला डॉक्टर आर.ओ.पी. म्हणतात. यातली वाईट गोष्ट अशी की बाहेरून डोळा टपोरा, स्वच्छ दिसतो. आईला कळत नाही, आजीला कळत नाही, साध्या डॉक्टरांनाही बॅटरी मारून कळत नाही. डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून, डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतला पडदा बघावा लागतो.

म्हणून लक्षात ठेवा. जन्माचं वजन दोन किलोच्या आत किंवा दिवस ३४ आठवड्यांच्या आत असतील, तर तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. खूपच लहान, म्हणजे बाराशे ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर त्याहून आधी, दोन-तीन आठवड्यांतच. वजन जास्त असूनही बाळ फार आजारी झालं असेल, तर डॉक्टर सांगतील तसं.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या धाकट्या जावेचं बाळ ३१ आठवड्यांचं झालं, वजन तेराशे ग्रॅम. तीन आठवडे ते सरकारी दवाखान्याच्या नवजात कक्षात होतं. सोडताना कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहून दिली होती, अठ्ठाविसावा दिवस. घरी आल्यावर कागद देव्हाऱ्यामागे गेला. ताईंनी तो मासिक बैठकीत आणला, तोही खर्चाच्या पावत्या दाखवायला म्हणून. बैठकीत वाचला गेला तेव्हा तारीख दोन दिवसांवर होती. सासूबाईंचं म्हणणं, ‘सव्वा महिना होऊ द्या, मग हवं तिथं न्या.’ त्यांना बाळाचं वाईट करायचं नव्हतं. मोठ्या जिकिरीनं वाचलेला जीव, त्याला नजर लागू नये, वारा लागू नये, एवढंच. वाद घालत बसण्यापेक्षा गटातल्या एका मावशींनी मार्ग काढला. बाळाची दृष्ट काढली, अंगारा लावला, आईच्या छातीशी बांधून वर शाल घेतली आणि सासूबाईंनाच गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. तपासणीत दोन्ही डोळ्यांत आजार सुरू झालेला निघाला. आठवड्यानं पुन्हा नेलं, तेव्हा लेझर करावं लागलं. सव्वा महिना अजून संपलेला नव्हता. ते पोर आता जमिनीवर सांडलेला ज्वारीचा दाणा चिमटीत उचलून तोंडात घालतं आणि त्याच सासूबाई त्याच्या मागं धावतात.

आमच्याच फिरतीतल्या दुसऱ्या गावी एक मुलगी आहे. तीही अशीच लवकर जन्मलेली, पेटीत राहिलेली. तिला जिथं ठेवलं होतं तिथं सोडताना घरच्यांना डोळ्यांबद्दल कुणी काही सांगितलं नाही, कागदावरही काही नव्हतं. पाचव्या महिन्यात ती खुळखुळ्याकडे बघत नाही हे आईच्या ध्यानात आलं. तोवर उशीर झाला होता. म्हणून आमचं सांगणं, कुणी लिहून देईल याची वाट बघू नका. दवाखान्यातून बाहेर पडताना तुम्हीच विचारा, ‘डोळे कधी दाखवायचे? कानांची तपासणी झाली का?’

आता जन्मजात व्यंगांबद्दल. सगळ्यांवर आज बोलता येणार नाही, पण दोन-तीन सांगायलाच हवीत, कारण त्यांच्यावर इलाज आहे आणि तरी मुलं तशीच मोठी होताना दिसतात.

फाटलेला ओठ. साधारण सातशे-आठशे जन्मांमागे एका बाळाला असतो. आपल्याकडे लगेच विचारतात, ‘गिरणात काय चिरलंस?’ बाईनं भाजी चिरली म्हणून ओठ चिरला, असा हिशोब. बाळाचा ओठ पोटात दुसऱ्या महिन्यातच जुळतो, तेही बहुतेकदा बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या सुमारास. सहाव्या-सातव्या महिन्यात ग्रहण आलं म्हणून जुळलेला ओठ पुन्हा फाटत नाही. ग्रहणं वर्षाला मोजकी, अशी बाळं मात्र बाराही महिने जन्मतात. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते, टाळूची बोलणं सुरू व्हायच्या सुमारास, वर्ष-दीड वर्षाच्या आत. तोवर वजन वाढलेलं हवं. टाळू फाटलेली असेल तर बाळाला ओढता येत नाही, म्हणून पिळलेलं दूध वाटी-चमच्यानं, बाळाला बसतं धरून पाजायचं.

वाकडी पावलं. आत वळलेल्या पावलांना मालिश करून काही होत नाही. डॉक्टर पोन्सेटी यांच्या पद्धतीनं दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करतात. पाच-सहा प्लास्टर, मग बहुतेकांना टाचेजवळ एक छोटा छेद, आणि त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट. बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर फक्त झोपताना, चार वर्षांचं होईपर्यंत. पाऊल सरळ दिसलं की घरचे बूट फेकतात आणि पाऊल पुन्हा वळतं. रडतं म्हणून बूट काढणारी आजी आम्हाला समजते, पण ऐकू नका तिचं.

पाठीवर पाण्याची गाठ घेऊन जन्मलेलं बाळ. पाठीचा कणा आणि मेंदू यांची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत बंद होते. ती उघडी राहिली तर हे व्यंग येतं. आणि इथं एक स्वस्तातली गोष्ट करता येते. दिवस राहायच्या आधीपासून रोज फॉलिक ॲसिडची गोळी घेतली, तर अशी बरीच व्यंगं टळतात. पाळी चुकल्यावर, नाव नोंदवल्यावर गोळी सुरू केली, तर तोवर ती नळी बंद व्हायचे दिवस निघून गेलेले असतात. म्हणजे ही गोळी नव्या सुनेनं, मूल हवंय असं ठरवल्यापासूनच घ्यायची. नर्सबाईंकडे मागा. आधीचं बाळ असं झालं असेल तर मोठा डोस लागतो, तो डॉक्टरांना विचारूनच.

काही बाळांच्या हृदयाला छिद्र असतं. दूध पिताना दमतं, कपाळाला घाम येतो, ओठ-जीभ निळी पडते, वजन वाढत नाही. अशा बाळाला ‘अंगात नाही’ म्हणून गुटी उगाळत बसू नका, दाखवा.

हे असं का होतं, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, आणि उत्तर बाळंतिणीच्या पदरात टाकलं जातं. पुष्कळ वेळा खरं कारण सापडतच नाही. जी कारणं माहीत आहेत, त्यांत एकट्या बाईच्या हातातलं थोडंच असतं. कमी वयात लग्न, दोन बाळंतपणांत कमी अंतर, रक्त कमी, पोटात सातवा महिना असताना डोक्यावर उसाची मोळी. ऊसतोडीला गेलेल्या बाईला आराम कर म्हणणं सोपं आहे. कोयत्याची उचल फेडायची असते तिला. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक केली तर जन्मजात व्यंगाचा धोका साधारण दुप्पट होतो. शंभरात दोन-तीनच्या जागी चार-सहा. बहुतेक मुलं चांगलीच निपजतात, पण ज्या घरात आधीच असं एक मूल आहे तिथं पुन्हा नात्यात देण्याआधी थांबून विचार करावा.

एक गोष्ट मात्र आपल्याच बोटावर आहे, मशेरी. कितीजणींची सकाळ तिच्याशिवाय उजाडत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, आमच्यातल्याही काहीजणी त्यातून गेल्यात. मुंबईतल्या बाराशेहून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मशेरीच लावणाऱ्या होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. अडीच किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम काहीच नाहीत. दीड किलोच्या बाळाला विचारा.

शेवटी पैशाचं, कारण ते आपल्या गटाचं काम. बाळ आजारी पडलं की आधी गटातून कर्ज काढायचं आणि मग दवाखाना, असं होऊ देऊ नका. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. १०२ किंवा १०८ ला फोन करा. जन्मजात व्यंगांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तो २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्यात ओठ, पावलं, हृदय आणि आपण बोललो ते डोळेसुद्धा येतात. अंगणवाडी आणि शाळा तपासणाऱ्या त्यांच्या पथकाला किंवा तुमच्या आशाताईला विचारा. तरी येण्या-जाण्यात, राहण्यात, मजुरी बुडण्यात पैसा जातोच. आमच्या काही गटांनी ठराव केलाय की नवजात बाळासाठीचं अंतर्गत कर्ज बैठकीची वाट न बघता, अध्यक्ष आणि सचिव या दोघींच्या सहीनं त्याच दिवशी द्यायचं, आणि पहिले तीन महिने व्याज नाही. तुमच्या गटाला पटलं तर पुढच्या बैठकीत विषय मांडा.

आता ही खुणांची यादी, लिहून घ्या. बाळ दूध ओढेनासं झालं. मलूल पडलं, रडणं क्षीण झालं. अंग गार किंवा तापलेलं. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते. झटके. तळहात-तळपाय पिवळे. बेंबीतून पू. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढायची नाही, छातीशी बांधून निघायचं.

पुढच्या वेळी आमच्यासोबत एक आशाताई असतील. वजनाचा काटा घेऊन त्या स्टुडिओत येणार आहेत आणि तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतील. प्रश्न गटाच्या बैठकीत सहयोगिनीकडे लिहून द्या, नाव घातलं नाही तरी चालेल.